हेडफोनमधली शाळा

डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या आमच्या घरात जिना संपतो तिथे एक कपाट आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ज्यात गरम पाण्याची टाकी असते ते हॉट प्रेस. टॉवेल, चादरी, मुलाचे शाळेचे स्वेटर, सगळं त्यात उबेला ठेवायचं. माझ्या नोकरीच्या आयुष्यातलं सगळ्यात समाधानाचं काम मी या कपाटात डोकं खुपसून केलं. विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे डोक्यावरून सारखी विमानं जातात, आणि अख्ख्या घरात विमान ऐकू येत नाही अशी ती एकच जागा. म्हणून माझी मैत्रीण मिरियम त्या कपाटाच्या दारात खुर्ची टाकून, तोंड टॉवेलांकडे करून बसायची, मी चादरींच्या घडीवर मायक्रोफोन टेकवायची, आणि या थाटात आम्ही आयर्लंडमधल्या ज्यू मुलांना त्यांच्या पूर्वजांच्या गोष्टी सांगायचो.

पुण्यात वाढलेली, गणपतीत उकडीचे मोदक करणारी बाई या कामात कशी शिरली, हे मला पुष्कळांनी विचारलंय. सासूबाईंनी तर आधी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुला धर्म बदलावा लागणार का?" तसं काही नव्हतं. पुण्यात मी रेडिओवर ध्वनिसंपादनाचं काम करायची. सुरुवातीला टेप ब्लेडने कापून चिकटवायची, नंतर कॉम्प्युटरवर. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि बरीच वर्षं नुसती घरात होते. लायब्ररीत बायकांचा एक गप्पांचा गट जमायचा. तिथे मिरियम भेटली. डब्लिनमध्येच जन्मलेली, निवृत्त शाळामास्तरीण. तिच्या समाजाच्या मुलांसाठी ती धर्म आणि भाषेचा वर्ग चालवायची. मी रेडिओतली आहे म्हटल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला.

"माझी मुलं सगळ्या देशभर विखुरलीत," ती म्हणाली. "एक कुटुंब किलकेनीला, एक ॲथलोनला, काही त्याहून लांब. महिन्यातून एकदा डब्लिनला हॉल भाड्याने घेऊन बसतो. मधल्या दिवसांत सगळं विसरतात. पण गाडीत तर रोज बसतात ना?"

"पण मला तुमच्या धर्मातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणाले.

"दॅट्स ग्रँड, उत्तमच," ती म्हणाली. "जे तुला कळणार नाही, ते मुलांनाही कळलेलं नसतं. फक्त ती विचारत नाहीत. तू विचार."

अशी मी कामाला लागले. शाळेत जाता-येता गाडीत ऐकून संपेल एवढा एक भाग करायचा. त्याचा फायदा असा की पुढे बसलेले आईबापही नाइलाजाने ऐकतात. वहीतला धडा मूल एकटं वाचतं, पण गाडीतला आवाज सगळ्यांचा असतो. घरी पोचेपर्यंत कुणीतरी काहीतरी बोलतंच.

माझं काम वरवर सोपं दिसतं. बोलणाऱ्याचं अडखळणं, अं-अं, खोकले काढून टाकायचे. पण सगळे श्वास काढले की माणूस यंत्रासारखा बोलतो, म्हणून कुठला श्वास ठेवायचा हे कानाला कळावं लागतं. दोन वाक्यं जोडताना मागचा खोलीचा आवाजही जुळला पाहिजे, नाहीतर सांधा कळतो. आणि रेकॉर्डिंगच्या आधी आवाजाची पातळी बघायला प्रत्येकाला विचारायचं, सकाळी काय खाल्लं? या प्रश्नाला कुणी भाषण ठोकत नाही. आमच्याकडे एक म्हातारे खाटीक आले होते, मांसाबद्दलचे धार्मिक नियम समजावून द्यायला. गृहस्थ प्रत्येक वाक्यागणिक टेबलावर मूठ आपटायचे. मी टॉवेलची घडी त्यांच्या मुठीखाली सरकवली, तर त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, हात आपटल्याशिवाय मी खरं बोलतोय हे मुलांना कसं कळणार?" मुठीच्या आवाजासकट तो भाग घरोघरी गेला. मुलांना तोच सगळ्यात आवडला.

सणवार, प्रार्थना, खाणंपिणं यांत काही अडचण नव्हती. अडचण इस्रायलची. मिरियमकडची जुनी पुस्तकं मी चाळली होती. त्यांत तो देश म्हणजे नकाशा, झेंडा आणि संत्री. मिरियमला ते नको होतं. तिला माणसं हवी होती, तिथे राहिलेली, भांडलेली, परत आलेली, न आलेली. तशी मालिका आम्ही नुकती सुरू केली आणि तिकडे युद्ध पेटलं.

ज्यांनी ते दिवस इथे काढलेत त्यांना सांगायला नको. गाझातल्या मुलांचे हाल पाहून इथली माणसं रस्त्यावर आली होती, आणि मीही बातम्या बघताना टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहत होते. त्याच वेळी वर्गातल्या काही मुलांच्या मावश्या-काका तिकडे तळघरात बसून होते. पालकांची बैठक झाली. एक जण म्हणाला, देशाबद्दल आत्ता फक्त चांगलं सांगा, मुलांना बळ द्या. दुसरी म्हणाली, तिथे काय चाललंय ते न सांगता संत्र्यांबद्दल बोलणार असाल तर माझी मुलं येणार नाहीत. मिरियमने दोघांचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "माझ्या वर्गातून कुणाला प्रश्नासाठी बाहेर काढलं जाणार नाही. उत्तरासाठीही नाही." दोन कुटुंबं तरीही यायची थांबली. एक या बाजूचं, एक त्या.

ॲथलोनची नोआ यायची. बारा-तेरा वर्षांची मुलगी. आई ओर्ना तिथल्या टेलिकॉम कंपनीत कामाला. आधी ही पोरगी वर्गात कुणाला बोलू द्यायची नाही. त्या वर्षी ती गप्प झाली. शाळेत तिच्या वर्गात ज्यू अशी ती एकटीच. एकदा हॉलमध्ये खुर्च्या लावताना तिने मला सांगितलं, "सगळे मला विचारतात, तुला त्या मुलांचं वाईट वाटत नाही का? मला वाटतं. पण मी वाटतं म्हटलं तरी त्यांना खरं वाटत नाही."

त्याच सुमारास मिरियमला कळलं की ओर्नाची आई इस्रायलहून काही महिन्यांसाठी मुलीकडे आली आहे, आणि ती मूळची भारतातली आहे. "इंडियात कुठली ते विचारलं नाही," मिरियम मला म्हणाली. "तू ये ना बरोबर."

आम्ही ॲथलोनला गेलो. म्हातारी ऐंशीच्या घरातली, ठेंगणी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. नाव रिबका. मुलाखतीसाठी चांगला झगा घालून, हात मांडीवर जुळवून बसली होती. नोआ हिब्रूचं इंग्रजी करून सांगणार होती. रिबकाबाई हिब्रूत बोलायला लागल्या आणि मला भाषा न कळताही कळलं की हे पाठ केलेलं आहे. एकेक वाक्य शाळेच्या समारंभात म्हणावं तसं. आम्ही आलो, वाळवंट होतं, आम्ही शहर वसवलं. मिरियमने माझ्याकडे बघितलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं, आवाजाची पातळी पुन्हा बघते म्हटलं. भारतातून तिकडे गेलेले बरेचसे ज्यू कोकणातले, तशा त्याही असतील असा मला अंदाज होता, म्हणून धीर करून मराठीत विचारलं, "मावशी, सकाळी काय खाल्लंत?"

म्हातारी दचकली. मग चेहरा असा काही उजळला की नोआ हसायलाच लागली.

"पोहं खाल्लं गो बाय! काल मलिदा केलेला ना, एलियाहू हनाबीचा, त्याचं पोहं उरलं व्हतं. इथलं पोहं जाड, भिजतच नाय. नि नारळ डब्यातला. त्याला काय चव?"

माहेर अलिबागजवळचं. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, एलिया प्रेषिताच्या नावाने मांडायचे. त्या दुपारी मी मायक्रोफोन धरून बसले आणि मावशी बोलत राहिल्या. गावची वाडी, समुद्र, वडिलांचा तेलाचा घाणा. कोकणातल्या ज्यूंना गावकरी शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद.

"अख्ख्या पंचक्रोशीला ठाव व्हतं आमी कोन ते," मावशी म्हणाल्या. "शनवारी तेल मागायला कोन येत नसे. कुनी विचारलं नाय कधी. मंग आमी विमानानं गेलो आमच्या देशाला. माझं लगीन ठरलेलं, पांढरा शालू बरोबर नेलेला. तिथं हापिसात गेलो लगनाची नोंद करायला, तर तो धर्मखात्याचा मानूस म्हनला, तुमी ज्यू कशावरून? आजीची आजी कोन? पनजोबाचं लगीन कुनी लावलं? कागद दाखवा."

"मग?"

"मंग काय. कागद कुठनं आनू? घान्याला विचारू?" त्या थांबल्या. "शालू पेटीत राहिला. आमची मानसं जेरुसलेमला जाऊन रस्त्यावर बसली. मी पन बसले, व्हनाऱ्या सासूच्या शेजारी. पुष्कळ दिस गेले. मंग सरकारनं ऐकलं, तवा लगीन झालं."

नोआला मराठी कळत नाही. ती आजीच्या चेहऱ्याकडे बघत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, "हे नको."

ओर्ना कामावरून आली होती. दारात कोट अंगात तसाच. तिला मराठी सगळी कळते, बोलताना मात्र ती हिब्रूत नाहीतर इंग्रजीत बोलते. माझा मुलगा माझ्याशी असाच वागतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. ती मला बाजूला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तुम्ही चांगल्या हेतूने करताय, मला समजतंय," ती म्हणाली. "पण नोआ रोज शाळेत त्या देशाबद्दल ऐकून घेतेय. माझी भावंडं तिकडे आहेत. आणि तुम्ही तिच्याच आजीच्या तोंडून तिला ऐकवणार, की त्यांनी आम्हालाही नको म्हटलं होतं? या मुलीला आत्ता पायाखाली काहीतरी घट्ट लागतं. बाकीचं मोठी झाल्यावर."

मला तिचं पटलं आणि पटलं नाही. मिरियमचा नियम पक्का होता. ज्याचा आवाज, त्याच्या परवानगीशिवाय काही बाहेर जाणार नाही, आणि मुलांच्या बाबतीत आईबापांच्याही. मी मावशींना जाऊन सांगितलं.

"तिला वाटतं मी देशाचं वाईट सांगते," मावशी म्हणाल्या. "अगो, माझा देश आहे म्हनून तर सांगते. परक्याच्या घरातलं मी कशाला बोलू?" मग त्यांनी लेकीकडे बघितलं. ओर्ना अजून कोट घालूनच उभी होती. मावशींचा आवाज उतरला. "पन तिला नको तर नको. तिला इथं राहायचंय, मला नाय. काप."

मी कापलं. विमान उतरतं, आणि त्याच्या पुढच्याच वाक्याला लग्नाची जेवणं. मधल्या ठिकाणी खोलीचा आवाज जुळवायला मला सबंध सकाळ लागली. इतका बेमालूम सांधा मी पुण्यातही कधी घातला नसेल, आणि त्याचा मला इतका थोडा आनंदही कधी झाला नसेल. मावशी दरम्यान परत गेल्या. लढाई चालू असतानाच. लेक रडली, थांब म्हणाली, पण शेजारच्या घरात बहीण एकटी आहे म्हणून त्या ऐकेनात.

मावशींच्या मराठीवर इंग्रजी आवाज नोआचाच घ्यायचा, असं ओर्नाच्याच संमतीने ठरलं होतं. डब्लिनच्या वर्गाच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली. हॉट प्रेससमोर बसवलं, हेडफोन दिले. आजीचं ऐकायचं आणि मी लिहून दिलेलं इंग्रजी बोलायचं. छान वाचत होती, आजीच्या हेलात, थोडी आयरिश. एका जागी तिने हात वर केला.

"इथे काहीतरी गेलंय."

"काय गेलंय?" मी म्हणाले.

"माहीत नाही. पण विमानाच्या गोष्टीत आजीचा आवाज आनंदी आहे. आणि लगेच पुढे लग्नात तो दमलेला आहे. लग्नात कोण दमतं? मधे ती कुठे गेली होती?"

इतक्या वर्षांच्या धंद्यात माझा सांधा कुणी पकडला नव्हता. भाषा न कळणाऱ्या मुलीने पकडला. खोटं बोलणं मला जमलं नाही आणि खरं सांगायचा मला हक्क नव्हता. मी म्हणाले, "आहे मधे काहीतरी. ते मी सांगू शकत नाही. तुझ्या आईला विचार."

तिने मान हलवली आणि उरलेलं वाचलं. घरी गेल्यावर तिने आईला विचारलं नाही. आजीला फोन केला, हिब्रूत. हे मला नंतर कळलं.

भाग सगळ्या घरांत गेला, आणि पुढच्या वर्गात मिरियमने मुलांना गोल बसवून त्यावर बोलायला लावलं. हे आमचं नेहमीचंच. भाग नुसता ऐकून सोडायचा नाही. खरा वर्ग हेडफोन काढल्यावर सुरू होतो, असं मिरियमचं मत, आणि माझ्या कामाबद्दल मला असलेल्या अभिमानाला त्याने वेळोवेळी जरा धक्का बसे. मुलांना समुद्र आवडला होता, तेलाचा घाणा आवडला होता. कुणीतरी विचारलं, पोहे म्हणजे कॉर्नफ्लेक्स का? मिरियम माझ्याकडे बघून म्हणाली, या बाई सांगतील. मी सांगितलं.

मग नोआने हात वर केला. "यात एक गोष्ट नाही," ती म्हणाली. "ती मी सांगते."

आणि तिने सांगितली. कागद नसलेलं घराणं, आजीची आजी, रस्त्यावर बसलेली माणसं. सावकाश, मधे अडखळत. मी असते तर ते अडखळणं काढून टाकलं असतं. हॉलच्या दाराशी ओर्ना मुलीला न्यायला येऊन उभी राहिलेली मला दिसली. मिरियमलाही दिसली. तिने नोआला थांबवलं नाही.

"मी आजीला विचारलं, मग तुला तो देश आवडेनासा झाला का?" नोआ म्हणाली. "आजी म्हणाली, मी त्याच्यावर रागावले, कारण माझा होता. आणि मला वाटतं, मलाही रागावता येईल. आणि वाईटही वाटून घेता येईल. दोन्हीकडच्या माणसांचं. तरी मी नोआच राहीन."

मग किलकेनीच्या कुटुंबातली सगळ्यात धाकटी मुलगी, जिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते, ती काळजीने म्हणाली, "पण शेवटी आजीला लग्न करू दिलं का?"

दारातून ओर्नाच म्हणाली, "नाहीतर मी कुठून आले असते?"

सगळी मुलं हसली. नोआने वळून बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ओर्ना आत आली. मुलांच्या त्या बुटक्या खुर्च्यांपैकी एक ओढून, गुडघे जवळ घेऊन, गोलात बसली.

"मी तुमच्याएवढी होते तेव्हा आमच्या बाईंनी वर्गात सांगायला लावलं, तुमचं कुटुंब या देशात कसं आलं," ती म्हणाली. "मी विमानाचं सांगितलं आणि बसले. तेव्हापासून मी एवढंच सांगत आलेय. आमच्या घरी आईच्या लग्नाचा फोटो होता, पांढऱ्या साडीतला. माझ्या मैत्रिणींच्या आयांचे फोटो गाऊनमधले. मैत्रिणी यायच्या असल्या की मी तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायची. गेल्या की सरळ करायची. कधी विसरायचीसुद्धा. आईने मला कधी काही विचारलं नाही."

नोआ उठली आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ओर्नाने मागे न बघता तिचा हात धरला, आणि मग मुलांनी साडी कशी नेसतात ते विचारलं, आणि मला पुन्हा उभं राहावं लागलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी मावशींना फोन लावला. तिकडे शांतता होती त्या दिवशी. भोंगा वाजला नाही, म्हणाल्या.

"नोआने वर्गात सगळं सांगितलं, मावशी. आणि नंतर ओर्नाही बोलली."

"ओर्ना? चार मानसांत?"

"हो. तुमच्या लग्नाच्या फोटोबद्दल."

पलीकडे त्यांनी चालू असलेला टीव्ही बंद केला.

"तो फोटू सारखा भिंतीकडं वळलेला असायचा," मावशी म्हणाल्या. "मी ह्यांना म्हनायची, ही खिडकी नीट लागत नाय, वाऱ्यानं फिरतो. ह्यांनी दोनदा खिडकी बदलली." मग त्या हसल्या, आणि हसता हसता नाक ओढल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. "इंग्रजीत बोलली असंल ना ती? मला कुठनं कळनार. तू सांग. तुझ्या तोंडानं, आपल्या भाषेत. पयल्यापासून सांग. नि मधलं काय गाळू नको."

मी खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला सुरुवात केली.